तोफा न चढलेला घाट

इतिहासाच्या सरांनी आम्हाला प्रकल्पाचे विषय वाटले त्या दिवशी आमच्याकडची बस उशिरा आली. मी वर्गात पोचले तोवर चांगले विषय संपले होते. आश्रम, चरखा, कापसाची बाजारपेठ, सगळं कोणी ना कोणी घेतलं होतं. उरलेला विषय माझ्या नावापुढे लिहिला गेला: एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेसाठी झालेल्या घाटवाटांच्या पाहण्या. मला वाईट वाटलं. वर्धेत बसून डोंगराबद्दल काय लिहिणार, असं वर्गातल्या एकीने म्हटलंही. पण मी वर्धेची नाही. माझी वस्ती जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, कारंज्याच्या पुढे, जिथे सपाटी संपते आणि सातपुड्याचे शेवटचे डोंगर सुरू होतात तिथे आहे. मोठे नाहीत ते डोंगर. पण आमच्यासाठी तेच डोंगर.

वर्धेला लागून असलेल्या बोरगाव मेघेत मी एका मैत्रिणीसोबत खोली करून राहते. तिथे बसून मी फोनवर त्या पाहण्यांची जुनी इंग्रजी पुस्तकं वाचू लागले. माझं इंग्रजी कच्चं आहे. एक पान वाचायला संध्याकाळ जायची. हळूहळू कळत गेलं की हे काम कसं चालायचं. एक अधिकारी, थोडे शिपाई, ओझ्याची जनावरं. एक माणूस मोठं चाक ढकलत चालायचा, त्या चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजायचं. घाट लागला की चाक चालेना, मग घड्याळ बघून अंदाज करायचा. वाटेत पाणी कुठे आहे, चारा मिळेल का, भरलेला उंट चढेल का, तोफ दोरांनी ओढून वर नेता येईल का, हे सगळं लिहायचं. खिंड थोड्या माणसांनी अडवता येईल का, तेही. आणि वाट दाखवायला प्रत्येक गावातून एक माणूस धरायचा. त्याने पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं, तिथे त्याला सोडून दुसरा धरायचा. त्या माणसांची नावं कुठेच नाहीत.

एका संध्याकाळी वाचता वाचता मला आमचाच घाट सापडला. नदी तीच, अलीकडचं गाव तेच, पलीकडे वऱ्हाडात उतरणारी वाट तीच. मी मैत्रिणीला हाक मारली, "अगं, हे आमचं आहे!" ती स्वयंपाक सोडून बघायला आली. आमच्या घाटाला फक्त तीन-चार ओळी होत्या. वाट नाल्यातून जाते, मोठमोठे दगड आहेत, चाकाच्या गाडीला आणि तोफेला अशक्य, लादलेल्या जनावराला धोक्याची. पायथ्याशी गोंडांच्या काही झोपड्या आहेत, तिथे काही मिळत नाही. फौजेच्या दृष्टीने हा घाट निकामी. एवढंच.

"तिथे काही मिळत नाही," हे मी मैत्रिणीला मराठीत सांगितलं तेव्हा ती हसली. मीही हसले. पण नंतर मला ते आठवत राहिलं.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा खाटेवर बसून दम्याचा पंप ओढत होते. तरुणपणी त्यांनी जंगलात मजुरी केली, मग बरीच वर्षं हंगामात जिनिंगमध्ये काम केलं. तिथल्या कापसाच्या धुळीने त्यांना दमा लागला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून आणलेला पंप त्यांच्या खिशात कायम असतो.

"नाल्यातून?" बाबा म्हणाले. "त्या सायबाले नाल्यातून नेलं?"

"असंच लिहिलंय."

"अन् थो गेला?" बाबा हसायला लागले, हसता हसता खोकले. "अवं, नाल्यातून कोणी जाते का? नाल्यातून वांदरं जातात. वाट तं बाजूनं हाय, वळणावळणाची. गाभण गाय आरामात चढन अशी. तुह्या आत्याची वरात त्याच वाटेनं गेलती."

"मग त्यांनी नाल्यातून का नेलं?"

"तुले फौज गावात आलेली पायजे का?" बाबांनी उलट विचारलं. "धान नेतीन, बकऱ्या नेतीन, पोट्टे ओझ्याले धरतीन. म्या असतो तं म्याई नाल्यातूनच नेलं असतं. म्हटलं असतं, साहेब, हेच वाट हाय, दुसरी नाई."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमी तं पावण्यालेही नाल्यातूनच आणता." त्यावर दोघंही हसले.

मी ते सरांना सांगितलं. सर चांगले आहेत, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पुरावा?" माझ्याकडे नव्हता. बाबांनाही ते कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यांचा तो अंदाज होता. म्हणून मी ते प्रकल्पात लिहिलं नाही. पण मनात मला ते खरं वाटायचं. तो नाव नसलेला माणूस पुढे चालतोय, साहेब धापा टाकत मागे येतोय, आणि बाजूच्या झाडीत सोपी वाट गुपचूप पडून आहे. मला त्या माणसाचा अभिमान वाटायचा. घाट निकामी ठरला. फौज आली नाही. पुढे सडक झाली तीही दुसरीकडून, लांबून गेली. आमच्या वस्तीला आजही धड रस्ता नाही, याचा आणि त्या तीन-चार ओळींचा काही संबंध आहे का, ते मला ठरवता आलेलं नाही.

आत्याबद्दल सांगायला हवं. ती बाबांची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली, म्हणून आत्यानेच बाबांना वाढवलं. तिचं लग्न घाटापलीकडच्या वस्तीत झालं, अमरावती जिल्ह्यात. बाबा सांगायचे की वरातीच्या दिवशी ते खिंडीपर्यंत तिच्या पदराला धरून गेले होते आणि तिथून कोणीतरी उचलून त्यांना परत आणलं. पुढे सणासुदीला बाबा घाट चढून तिच्याकडे जायचे. दमा वाढला तसं जाणं बंद झालं. सडकेने गेलं तर तीन गाड्या बदलाव्या लागतात, मग राहूनच जायचं. मग फक्त फोन. फोनवर बाबा आणि आत्या गोंडीत बोलायचे. आईचं माहेर मराठी बोलणारं, मला गोंडी नुसती समजते. घरात गोंडी ऐकू यायची ती फक्त त्या फोनवर.

यंदा हिवाळ्यात आत्या आजारी पडली. बाबा म्हणत होते, कापूस वेचून झाला की जातो. एकदा तिला पाहून येतो. आईने नवं पातळही आणून ठेवलं होतं, हिरवं, तिला नेऊन द्यायला. मी शनिवारी घरी आले होते. रविवारी सकाळी आत्याच्या मुलाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणते. बाबांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि माझ्या हातात दिला.

"बाई, माय गेली," दादा म्हणाला. "पहाटंच गेली. मामाले सांग, माती दिवस बुडाच्या आत हाय. लुगडं घेऊन या. मामा आल्याबिगर झाकणार नाई आमी."

आमच्याकडे बाई गेली की तिचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भावाने न्यायचं. आणि आमच्या लोकांत आणखी एक आहे, जे मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही: ज्या वाटेने पोरगी सासरी गेली त्याच वाटेने ते लुगडं जायला पाहिजे, पायी, आणि वाटेत ते भुईला टेकवायचं नाही.

शेजारचा काका म्हणाला, "भाऊ, मोटरसायकल काढतो, सडकेनं जाऊ. जेवणाच्या येळेलोक पोचवतो."

"सडकेनं तिची वरात गेलती का?" बाबा म्हणाले.

"अवो, तुमाले दम हाय," आई म्हणाली. "कोणी काई म्हणत नाई आता. कायले हट्ट करता?"

"हट्ट नाई. मले तिचं तोंड पाहाचं हाय, अन् तिच्या वाटेनं जाऊन पाहाचं हाय. वाट सोपी हाय. हयू हयू जातो."

आईने हिरवं पातळ नव्या दुपट्ट्यात बांधलं. माझ्या हातात पंप दिला. "खिशात नको, हातात ठेवजो," म्हणाली. बाबांनी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो.

सुरुवातीला बाबा भराभर चालत होते. थंडी होती, गवत ओलं होतं. कुठे आत्याने एकदा मध काढला होता, कुठे ती सापाला भिऊन झाडावर चढली होती, असं काही काही ते सांगत होते. डोंगराच्या पायथ्याशी येऊन ते थांबले. तिथून त्यांची वळणाची वाट सुरू व्हायची.

तिथे वाट नव्हती. वन विभागाने सागवान लावलं होतं, त्याला खोल चर खणला होता आणि तारेचं कुंपण होतं. रोपवन आता मोठं झालं होतं आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला सगळी रायमुनिया, म्हणजे घाणेरी, माजली होती. माणसापेक्षा उंच, काटेरी, गच्च. बाबा काठीने ती बाजूला करत आत शिरले. मी मागे. थोडं गेल्यावर काठीही शिरेना. आम्ही मागे फिरलो, दुसऱ्या बाजूने बघितलं, तिथेही तेच. बाबांच्या हातावर ओरखडे आले होते, गाठोड्याला मात्र त्यांनी काटा लागू दिला नव्हता.

"इथं मोहाचं झाड होतं," ते म्हणाले. "त्याच्या उजवीकडून वर जाची." ते मोहाचं झाड शोधत राहिले. मला तर एकही मोह दिसत नव्हता. "या चराचं काम मीच केलं," मग ते म्हणाले. "मजुरीले होतो. तवा वाटलं, बाजूनं जागा सोडली हाय, जातीन लोकं." लोक जात राहिले असते तर वाट राहिली असती. पण लोक सडकेने जाऊ लागले होते.

"बाबा, परत जाऊ. मोटरसायकलने अजूनही पोचू," मी म्हटलं.

त्यांनी सूर्याकडे पाहिलं. मग नाल्याकडे पाहिलं. हिवाळ्यामुळे नाल्यात पाणी नव्हतं. नुसते दगड, एकावर एक, वर खिंडीपर्यंत गेलेले.

"हे तं हाय ना वाट," बाबा म्हणाले. "तुह्या पुस्तकातली."

मी त्यांच्या मागे चढू लागले. काही दगड माझ्या छातीएवढे होते. बाबा आधी गाठोडं माझ्या हातात द्यायचे, दगडावर चढायचे, मग वाकून माझ्याकडून गाठोडं घ्यायचे, मग मला हात द्यायचे. थोड्या वेळाने मी आधी चढायला लागले आणि हात मी द्यायला लागले. हा बदल कधी झाला ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. पंप मी हातात धरून होते. एकदा दिला, मग पुन्हा दिला, मग त्याचा उपयोग कमी व्हायला लागला. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मला त्या वेळी साहेबाची आठवण आली नाही. नंतर आली. त्या वेळी मला फक्त त्या वाटाड्याचा राग आला होता, ज्याचा मला इतके दिवस अभिमान होता. त्याने सोपी वाट लपवली नसती, तोफा वर गेल्या असत्या, पक्की सडक झाली असती, तर माझे बाबा आज गाडीत बसून बहिणीपर्यंत गेले असते. हा राग खरा नव्हता. तोफा वर गेल्या असत्या तर पायथ्याशी आम्ही उरलोच असतो का, हेही मला माहीत नाही. पण दम लागलेल्या बापाकडे बघताना असा विचार करता येत नाही.

खिंडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वर वारा होता. बाबा एका सपाट दगडावर बसले, गाठोडं मांडीवर घेऊन. समोर पलीकडचा सगळा उतार दिसत होता, आणि खाली आत्याची वस्ती, कौलं, झाडं, माणसांची गर्दीही दिसत होती. एवढं जवळ. बाबांचे ओठ निळसर झाले होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले.

वर फोनला रेंज होती. मी दादाला फोन केला. तो गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन भराभर वर आला. बाबांना बघून तो रडला, पाया पडला.

"मामा, खाट आणतो. चौघं जण उचलून नेतो तुमाले खाली."

"एका दिवशी दोन खाटा कायले उचलता रे," बाबा म्हणाले. त्या म्हाताऱ्याला हसू आलं, त्याने तोंड फिरवलं.

दादाने सूर्याकडे बघितलं. खाट वर आणून पुन्हा खाली न्यायची तर दिवस बुडणार होता. आत्या पहाटेपासून अंगणात होती. हे सगळ्यांना समजत होतं. बाबांनाही. ते बराच वेळ खाली बघत राहिले. इतक्या दुरून अंगण दिसत होतं, अंगणातली माणसं दिसत होती, तोंड दिसणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी मांडीवरचं गाठोडं उचललं आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"जा, वं," म्हणाले. "टेकवजो नको."

"मी? पण भावानेच—"

"भाऊ इथलोक आला. तिची वरातही म्या इथलोकच पोचवलती."

म्हातारा बाबांजवळ थांबला. मी दादाच्या मागे उतरले. उतार सोपा होता, गुरं चढता-उतरतात तशी रुंद वाट होती. मी मागे वळून पाहिलं तेव्हा बाबा तसेच बसून होते.

अंगणात बायका बाजूला झाल्या. एका म्हातारीने विचारलं, "भाऊ कुठी हाय?" दादाने वर खिंडीकडे बोट दाखवलं. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि मला म्हणाली, "मंग तूच नेसव. ये इकडं. हात कापू देऊ नको." पुढचं सगळं तीच सांगत गेली, पदर असा, निऱ्या अशा. आत्या फार हलकी झाली होती. काम झाल्यावर मी फोन काढला. बाबांना दाखवायला एक फोटो काढला. कोणी हरकत घेतली नाही.

दादा मातीला थांबणार होता, म्हणून मी एकटीच वर गेले. खाली ढोल वाजत होता. बाबांना आता जरा बरं वाटत होतं, म्हाताऱ्याने त्यांच्या अंगावर आपली घोंगडी टाकली होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि फोन पुढे केला.

त्यांनी फोनवर हात ठेवून तो खाली केला.

"फोटोत नाई पाहाचं मले," म्हणाले. "तूच सांग."

मी म्हटलं, तोंड शांत होतं. सगळे असंच सांगतात, म्हणून मीही तेच सांगितलं. त्यांना ते पुरलं नाही, हे मला दिसत होतं. मग मी पुन्हा सांगायला लागले, डोळ्यांसमोर आणून. केस सगळे पांढरे, मधोमध भांग पाडलेला. कपाळावरचं गोंदण अजून हिरवं होतं. गाल आत गेलेले. खालचा ओठ थोडा उघडा, आतले पुढचे दोन दात दिसत होते.

"मंधात फट हाय त्या दातात?" बाबांनी विचारलं.

"हो."

"हसली का थे फट दिसे." ते खाली बघत होते. "अन् कान?"

कानाकडे मी लक्ष दिलं नव्हतं. मी फोनकडे बघितलं, पण उघडला नाही.

"कान मी नाही पाहिले, बाबा."

त्यांनी मान हलवली. खाली ढोल थांबला, माणसं एका बाजूला सरकू लागली, आणि मध्ये एक हिरवा ठिपका दिसला, तो थोडा वेळ दिसत राहिला. बाबा गोंडीत काहीतरी बोलले. मला समजलं. ते मला उद्देशून नव्हतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही.